भंगारातून बाबांची सायकल: पहिल्यांदाच बांधणाऱ्यांसाठी

बाबांची सायकल माझ्याच हातून भंगारात गेली. घर रंगवायला काढलं होतं, गोठ्यातलं जुनं लोखंड टेंपोत भरून दिलं, त्यात तीही गेली. पंधरा दिवसांनी आईने विचारलं, "सायकल कुठं ठेवलीस रे?" तेव्हा भंगारअड्ड्यावर धावलो. तोवर ती कापून, ट्रकात चढून गोव्याबाहेर गेली होती. घरात उरलं होतं तिचं कॅरिअर, घंटा आणि एक पाना. कॅरिअर बाबांनीच म्हातारपणी सायकल हलकी व्हावी म्हणून काढून माळ्यावर टाकलं होतं.

त्या तीन वस्तूंना धरून मी दुसरी सायकल बांधली. चार महिने लागले, त्यातला एक निव्वळ चुका निस्तरण्यात गेला. तुम्हाला आजोबांची, मामाची, कुणाचीही सायकल अशी पुन्हा उभी करायची असेल आणि पान्याशी ओळख पंक्चरपुरतीच असेल, तर पुढचं तुमच्यासाठी आहे.

ती सायकल काय वाहत होती?

बहुतेक जण रंगापासून सुरुवात करतात. काळी की हिरवी, नाव कुठे लिहायचं, वगैरे. ते शेवटी. आधी तिच्यावर काय ओझं असायचं ते आठवा, नाही आठवलं तर घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा.

१९६३च्या डिसेंबरात भाऊसाहेब बांदोडकरांचं सरकार आलं आणि गोव्यात गावोगाव मराठी प्राथमिक शाळा निघाल्या. बाबा त्यातल्याच एका शाळेत डिचोली तालुक्यात मास्तर होते. पण गाव त्यांना ओळखायचा पेटीमुळे. एकादशीचं भजन असो की जत्रेतल्या नाटकाची तालीम, हार्मोनियम गोणपाटात गुंडाळून कॅरिअरवर बांधायची आणि निघायचं. साखळी, मये, कधी नार्व्याहून फेरीबोटीने दिवाडी. म्हणून मी पहिल्या दिवशी सायकलीला हातच लावला नाही. पेटी मोजली: लांबी २३ इंच, रुंदी १२, गोणपाटासकट वजन ११ किलो. पुढचे सगळे निर्णय या तीन आकड्यांनी घेतले.

तुमचे आजोबा पाव विकणारे पोदेर असतील तर टोपली रुंद, पण हलकी. मासे विकत असतील तर ओझं जड आणि वर मिठाचं पाणी गळणार, म्हणजे मागचं मडगार्ड आणि मागच्या चाकाच्या तारा यांचाच विचार आधी करावा लागेल. पोरांना पुढच्या दांडीवर बसवून शाळेत नेणारी सायकल असेल तर दांडीवरच्या छोट्या सीटची जागा मोजा. प्रत्येकाची सायकल इथेच वेगळी होते.

सांगाडा शोधणं

सुरुवात करणाऱ्याने सांगाडा स्वतः जोडून बनवायच्या भानगडीत पडू नये. जुन्या दांडीच्या सायकलीचा अख्खा सांगाडा घ्या आणि त्यावर बाकीचं बसवा. अशा सायकली उत्तर गोव्यात अजून सापडतात: भंगारअड्ड्यांवर, नारळ काढणाऱ्यांच्या अंगणात, बंद पडलेल्या गिरणीच्या मागे. ओळखीत विचारलंत तर फुकटही मिळते; फक्त देणाऱ्याच्या घरी दोन कप चहा प्यावा लागतो आणि त्या सायकलीची सगळी हकीकत ऐकावी लागते. ऐका. मला मागचं मडगार्ड आणि चेन कव्हर तसंच मिळालं.

अड्ड्यावरून घेत असाल तर साधी चिठ्ठी मागा आणि सांगाड्यावरचा नंबर उतरवून घ्या. नंबर कानसीने घासून काढलेला दिसला तर ती सायकल तिथेच सोडा.

सांगाडा तपासताना सायकल उलटी करा आणि हँडलच्या नळीला वरची दांडी आणि खालची तिरकी नळी मिळतात त्या जागेची खालची बाजू बघा. तिथे रंगाला सुरकुत्या पडल्या असतील तर सायकल पुढून कुठेतरी आदळलेली आहे. मग मागचं चाक बसतं त्या खाचा बघा, तिथे बारीक चीर असते. मग पायडलच्या वर, सीटच्या नळीच्या बुडाशी बोटाने दाबा आणि पान्याने ठोका. आमच्याकडे पाऊस वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास, शिवाय समुद्राचा वारा. सीटमधून आत गेलेलं पाणी त्याच जागी साठून नळी आतून खातं. ठोकल्यावर खणखणीत वाजलं तर ठीक. बद्द वाजलं, पापुद्रा निघाला, तर कितीही स्वस्त असो, नको.

सांगाडा सरळ आहे का हे एका सुताने कळतं. मागच्या एका खाचेला सूत बांधा, पुढे हँडलच्या नळीला वळसा घालून दुसऱ्या खाचेला आणून ताणून बांधा. आता सीटच्या नळीपासून दोन्ही बाजूंच्या सुताचं अंतर मोजा. एक-दोन मिलिमीटरचा फरक चालतो. माझ्या पहिल्या सांगाड्यात तो नऊ निघाला. मी तो विकत घेतल्यावर मोजला. तुम्ही आधी मोजा. सूत खिशात मावतं.

चाकाचा आकडा

'२८चा टायर द्या' असं सांगून मी दुकानातून टायर आणला आणि तो बसेना. इंचांच्या आकड्यावर जाऊ नका. टायरच्या कडेला बारीक अक्षरांत दोन आकडे असतात. जुन्या दांडीच्या सायकलीला, म्हणजे २८-दीडला, ते ४०-६३५ असतात. यातला ६३५ हा रिमचा टायर बसतो तिथला व्यास, मिलिमीटरमध्ये. नव्या २६च्या डोंगरी सायकलीचा तोच आकडा ५५९ आहे. हा एक आकडा जुळला की टायर जुळला.

कुणी सांगेल, जुन्या सांगाड्यात २६ची चाकं घाल, स्वस्त पडतात. बसतात खरी. पण सायकल दोन-तीन सेंटिमीटर खाली येते, वळणावर पायडल रस्त्याला लागतं आणि ब्रेकचे रबर रिमपर्यंत पोचतच नाहीत.

जुन्या सायकलीच्या पुढच्या चाकाला ३२ तारा आणि मागच्याला ४०, कारण ओझं मागे. हब (चाकाचा मधला भाग) आणि रिम वेगवेगळ्या सायकलींमधून घेणार असाल तर भोकं आधी मोजा.

सुटी करणं आणि गंज

सुटं करताना प्रत्येक टप्प्यावर मोबाइलने फोटो काढा आणि प्रत्येक जागेचे नट-वायसर वेगळ्या डब्यात ठेवा. मी मिठाईचे डबे वापरले. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात, ते घड्याळाच्या दिशेने सुटतं. चेनच्या बाजूची बीबीची, म्हणजे पायडलचा आस फिरतो त्या जागेची, वाटीही तशीच. हे माहीत नसलेला माणूस लांब दांडा लावून चुकीच्या बाजूला जोर करतो आणि आटे घालवतो.

गंजासाठी बाजारात महागडी रसायनं आहेत. मी म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून माडाचा विनेगर आणला आणि नट, स्टँड, पायडलची दांडी असे तुकडे रात्रभर बुडवून ठेवले. सकाळी तारेच्या ब्रशने घासलं की काळं पाणी निघतं. मग खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुचकळून, उन्हात वाळवून लगेच तेल. लगेच म्हणजे त्याच तासात. दमट हवेत जेवून येईपर्यंत परत तांबूस होतं. निकेलच्या हँडलवर वरवरचा गंज असेल तर चांदीचा कागद (जेवण गुंडाळतात तो ॲल्युमिनियमचा) पाण्यात भिजवून घासा.

छर्रे मात्र साफ करत बसू नका. ते नवीनच आणायचे, काही रुपयांचा प्रश्न असतो. पुढच्या हबला ३/१६ इंची, मागच्या हबला आणि बीबीला पाव इंची. जुने किती होते ते मोजून ठेवा. जुने आणि नवे एकत्र घातलेत तर भार फक्त मोठ्यांवर येतो आणि वाटीला खड्डे पडतात.

हाच नियम मी पुढे सगळीकडे लावला. ज्याच्यावर जीव अवलंबून आहे ते नवीन: छर्रे, चेन, ब्रेकचे रबर, कॉटर पिना (पायडलच्या दांड्या आसाला धरून ठेवणाऱ्या), टायर. घंटा, कॅरिअर, चेन कव्हर, सीटचा सांगाडा जुना चालेल. भावनेच्या भरात कुणी आजोबांचीच ब्रेकची दांडी लावतो. ती भिंतीवर लावा.

वेल्डिंगवाला

आमच्या भागात वेल्डरांची वाण नाही. २०१२ साली खाणी थांबल्या, २०१८ साली पुन्हा थांबल्या, आणि खाणीवरची यंत्रं सांधणारे कितीतरी हात गॅरेजांत आले. फार चांगले कारागीर आहेत. फक्त त्यांचा हात इंचभर जाडीच्या पत्र्यावर बसलेला आहे आणि सायकलीच्या नळीची जाडी असते दीड मिलिमीटरच्या आसपास. माझी मागची फुटकी खाच अशाच एकाने आर्कवर, म्हणजे विजेच्या वेल्डिंगवर घेतली. फुलबाजी उडाली, आणि जिथे चीर होती तिथे भोक पडलं. त्याने पैसे घेतले नाहीत, मलाच ओशाळल्यासारखं झालं.

जुन्या सायकलींच्या नळ्या पितळेच्या जोडाने बसवलेल्या असतात, तेव्हा दुरुस्तीही गॅसवर पितळेची सळी आणि टाकणखार घेऊन करणारा शोधा. पितळेचा जोड कमी तापमानावर होतो, नळी जळत नाही. असा माणूस मला शेवटी एका रेडिएटर दुरुस्त करणाऱ्याकडे सापडला. जोडायच्या जागेचा रंग आणि गंज चकचकीत लोखंड दिसेपर्यंत घासून न्या.

आणखी एक, ताकीदच समजा: घरी पडलेला नळाचा जस्ती पाइप सायकलीला जोडायला नेऊ नका. तापल्यावर जस्ताचा जो पांढरा धूर निघतो त्याने जोडणाऱ्याला रात्री थंडी-ताप भरतो.

खरं सांगायचं तर वेल्डिंग जितकं टाळता येईल तितकं टाळा. कॅरिअरवरची माझी फळी चार यू-बोल्टांवर बसली आहे, एकही जोड नाही.

कॅरिअर

इथे मी सर्वांत जास्त दिवस घालवले आणि तुम्हीही घालवा.

बाबांचं कॅरिअर पेटीपेक्षा अरुंद. ते पेटीखाली एक फळी बांधायचे, ती मात्र कुठेच सापडली नाही. मी फणसाची घेतली, २४ इंच लांब, १२ रुंद, पाऊण इंच जाड. फणस आमच्याकडे घरोघरी असतो, लाकूड टिकतं आणि पिवळं असलं तरी वर्षा-दोन वर्षांत मधासारखं गडद होतं. फळीच्या खालच्या अंगाला काजूच्या टरफलांचं तेल लावलं. होड्यांना लावतात तेच. हातमोजे घालून लावा, नाहीतर कातडी भाजते. वरच्या अंगाला नको, पेटीला डाग लागतील. तिथे जवसाचं तेल.

फळी कुठे बसवायची? हौशी लोक ती सोयीसाठी मागे सरकवतात. ओझ्याचा मध्य मागच्या आसाच्या मागे गेला की चढावर पुढचं चाक हलकं होतं आणि हँडल लोंबतं. फळीवर खडूने आसाच्या बरोबर वर रेघ ओढा, आणि पेटीचा मध्य त्या रेघेच्या दोन-तीन बोटं पुढेच येईल असं बघा. मग सीटवर बसून पायडल पूर्ण फिरवा. टाच फळीला लागत असेल तर फळीचे पुढचे कोपरे तिरके कापा. माझे कापावे लागले, आणि आश्चर्य म्हणजे कॅरिअरच्या लोखंडावर त्याच जागी दोन्ही बाजूंना घासल्याच्या खुणा होत्या. बाबांच्या फळीचेही कोपरे कापलेले असावेत.

कॅरिअरचे खालचे पाय मागच्या आसाच्या नटाखाली जातात. त्यांची भोकं वर्षानुवर्षांच्या हादऱ्यांनी लांबट होतात. तशी झाली असतील तर दोन्ही बाजूंना जाड वायसर घाला. बांधायला काथ्याची दोरी दिसायला छान, पण पावसात आकसते आणि उन्हात सैल पडते. मोटरसायकलच्या जुन्या ट्यूबचे दोन बोटं रुंद पट्टे कापा.

जोडणी

आधी हँडलचे छर्रे, मग बीबी, मग चाकं. सगळीकडे भरपूर ग्रीस. कोन (आसावरचा, छर्ऱ्यांना दाबून धरणारा नट) इतकाच आवळायचा की चाक आडवं हललं नाही पाहिजे आणि हातावर सहज फिरलं पाहिजे. वरचा नट आवळताना कोनही किंचित आवळला जातो, तेव्हा आधी केसभर सैल सोडा. हे तीन-चारदा करावं लागतं. चौथ्यांदा कंटाळा येतो आणि नेमकं तेव्हाच सोडून देऊ नये.

चाकाचा आऊट, म्हणजे वाकडं फिरणं, काढायला सायकल उलटी ठेवा, चिमट्याला (चाक धरणाऱ्या दोन दांड्यांना) खडू टेकवा, चाक फिरवा. जिथे खडू लागतो तिथे रिम त्या बाजूला गेलेलं आहे. विरुद्ध बाजूची तार पाव फेरा आवळा, त्या बाजूची पाव फेरा सैल करा. एका वेळी पाव फेऱ्याहून जास्त नको. पहिल्या चाकाला मला अख्खा रविवार लागला. पुतण्याने दुसरं चाक दीड तासात केलं आणि वर "काका, तू जोर फार करतोस" असंही ऐकवलं.

कॉटर पिन. जुन्या सायकलींत सगळ्यांत जास्त शिव्या तिलाच पडतात. काढताना नट पिनेच्या टोकाशी बरोबर येईपर्यंत सैल करा, क्रँकखाली, म्हणजे पायडलच्या दांडीखाली, जमिनीवर टेकलेला लोखंडी पाइप द्या आणि मोठ्या हातोड्याने एकच सणसणीत घाव घाला. आधार न देता बारीक बारीक ठोकत बसलात तर पिनेचं टोक पसरतं आणि घाव बीबीच्या वाट्यांवर जातात. बसवताना दोन्ही पिना एकमेकींच्या उलट दिशेने घालायच्या, म्हणजे एकीचा नट वर असेल तेव्हा दुसरीचा खाली, नाहीतर पायडली एका रेषेत येत नाहीत. पिनेची तिरकी बाजू कानसीने थोडी थोडी घासून जुळवा, ठोकून बसवा, मग नट आवळा. पीन नटाने ओढून बसवू नका, आटे जातात. वीस-तीस किलोमीटर चालवल्यावर पुन्हा एकदा ठोका आणि आवळा. टक् टक् असा आवाज प्रत्येक फेऱ्याला आला तर तीच.

चेन घ्यायची तर नवी. पण जुनी चांगली वाटत असेल तर पट्टी लावा: पिनेपासून पिनेपर्यंत बारा पूर्ण कड्या बरोबर १२ इंच भरतात. एक अष्टमांश इंच जास्त भरली तर ती संपली. बसवल्यावर मधोमध अर्धा इंच वर-खाली हलली पाहिजे. चेन जोडणाऱ्या कुलपाच्या कडीची बंद बाजू चेन धावते त्या दिशेला.

गिअरबद्दल एवढंच. जुन्या सायकलीला पुढे ४४ दात, मागे १८. पायडलच्या एका फेऱ्यात ती साधारण ५.५ मीटर जाते. सपाटीवर राजेशाही. पण डिचोलीकडचे चढ आणि वर ११ किलो, म्हणून मी मागे २२ दातांचं फ्रीव्हील बसवलं. आता एका फेऱ्यात ४.५ मीटर. बाबा १८वरच जायचे. चढावर उतरून ढकलत, ही आईने पुरवलेली माहिती.

ब्रेक

दांड्यांचे ब्रेक दिसायला सुंदर, कोरड्या दिवसांत कामाचे. पावसात निकेलच्या लोखंडी रिमवर ते नावालाच लागतात. मी पुढचं चाक ॲल्युमिनियमच्या रिमचं केलं आणि तारेचा कॅलिपर ब्रेक बसवला. मागे दांडीचाच ठेवला. लक्षात ठेवा, दांडीचा ब्रेक रिमच्या आतल्या अंगाला लागतो आणि कॅलिपर बाजूला, तेव्हा दोघांची रिमं वेगळी. एकाच्या रिमवर दुसरा चालत नाही. जुनं रूप जपायचं म्हणून पुढचाही ब्रेक दांडीचा ठेवणाऱ्यांशी मी वाद घालत नाही. त्यांनी जूनमध्ये एखाद्या उतारावर जाऊन यावं.

रंग

दिवाळीनंतर ते मार्चपर्यंतच. पावसाळ्यात मारलेला रंग पांढुरका पडतो आणि खालून गंज धरतो. पॉलिश पेपर, रेड ऑक्साइड, वर काळ्या ऑइलपेंटचे पातळ दोन-तीन हात. रंगाआधी बीबीखाली पाणी निचरायला बारीक भोक नसेल तर पाडा, आणि रंग पूर्ण वाळल्यावर नळ्यांच्या आत थोडं तेल ओतून सांगाडा फिरवून घ्या.

नाव, जन्मसाल, फोटोचं स्टिकर, 'बाबांच्या स्मृतीस' असं सगळं लिहायचा मोह होतो. माझ्या मनातही चेन कव्हरवर दोन ओळी होत्या. शेवटी काहीच लिहिलं नाही. बाबांनी सायकलीवर कधी देवाचंही नाव घातलं नव्हतं.

पहिली फेरी

पहिले पाच किलोमीटर ओझ्याशिवाय, पाना खिशात ठेवून. परत आल्यावर प्रत्येक नट तपासा. मग पेटीच्या वजनाइतकी तांदळाची पिशवी बांधून चालवा, उतारावर ब्रेक लावून बघा. सीटची दांडी आणि हँडलची दांडी निदान अडीच इंच आत आहेत ना, हे तेव्हाच बघून घ्या. मी पेटी शंभरेक किलोमीटर झाल्यावरच चढवली. तांदूळ सांडला तर गोळा करता येतो.

खडखड होऊ नये म्हणून मी जिथे जिथे लोखंडाला लोखंड लागतं तिथे ट्यूबचे तुकडे घातले होते. चेन कव्हरखाली, मडगार्डच्या काड्यांखाली, घंटेखाली. सायकल अगदी निःशब्द चालायला लागली. एकादशीला पेटी बांधून भजनाला गेलो, रात्री अकराला परत आलो. आई ओसरीवर दिव्याखाली बसली होती, मी अगदी पायरीशी आलो तेव्हा दचकली. म्हणाली, "आलास ते कळलंच नाही रे. त्यांची वळणावरूनच ऐकू यायची, मी भाताला आधण ठेवायची."

दुसऱ्या दिवशी सकाळी चेन कव्हरखालचा रबराचा तुकडा काढून टाकला. बाकीचे ठेवले.